दिवेआगर ते मालगुंड सायकलवर: गाड्या टाळायच्या तर बोटीची वाट धरा

चढउतार (धागाकर्ता), २३ नोव्हेंबर

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघे चार दिवसांत दिवेआगरहून मालगुंडला सायकलने गेलो. तेव्हापासून पाच-सहा जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून रस्ता विचारलाय. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून कंटाळा आला, म्हणून हा धागा.

आधी मुद्द्याचं. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून बराच आतून, माणगाव, महाड, खेड, चिपळूण असा जातो. ज्याला घाई आहे तो तिकडून जातो. किनाऱ्याच्या रस्त्याला मात्र सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या तिघींच्या खाड्या आडव्या येतात आणि तिन्ही ठिकाणी बोटीतून जावं लागतं: बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. लांब पल्ल्याचा ट्रकवाला या भानगडीत पडत नाही. त्यामुळे दोन बोटींच्या मधला रस्ता गावकऱ्यांचाच राहतो. एसटी, वडाप, दुचाकीवर मागे गवताचा भारा, आणि मध्येच रस्त्यात बसलेली म्हैस. एवढीच काय ती वाहतूक.

त्यातही एक युक्ती आम्हाला दुसऱ्या बोटीला सुचली. बोट लागली की फळी खाली येते आणि सगळ्या गाड्या एकदम सुटतात, जशी काही शर्यत. त्यांच्या पुढे धावू नका. उतरून जेटीवर चहा घ्या. दहा मिनिटांत सगळी जत्रा पुढे जाते आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा. धोपावेहून गुहागरला जाताना आम्हाला पहिल्या अर्ध्या तासात दोन मोटारसायकली आणि एक एसटी भेटली. मोजत होतो, कारण चढावर दुसरं काही सुचत नव्हतं.

आता टप्पे.

पहिला दिवस: दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, बोट, वेसवी, बाणकोट, वेळास. शेखाडीचा रस्ता अगदी समुद्राला खेटून जातो आणि फोटोत सगळ्यांनी पाहिलाय, त्याबद्दल नव्याने काय लिहू? शनिवार-रविवारी तिथे जाऊ नका एवढंच. आम्ही मंगळवारी होतो.

दुसरा दिवस माझ्या मते या सगळ्यात सरस. केळशीकडून आडे, पाडले, आंजर्ले. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला माडाच्या आगरांचे गडगे, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर आपण गडग्याला चिकटून उभं राहायचं. सकाळी आठला पाडल्याच्या आसपास एक आजी अंगणात सडा घालत होत्या. आम्हाला बघून तांब्या तसाच हातात घेऊन फाटकाशी आल्या. "खंयसून आलात?" पुण्याहून म्हटल्यावर, "सायकलीनं? आणि घरच्यांनी सोडलं?" पाणी मागितलं तर कोकमाचं सरबत आलं, मिठाचं प्रमाण अगदी हवं तसं. पाकिटातली कुठलीही पावडर त्याच्यापुढे फिकी. पुढे आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती. सायकल खालीच ठेवून चढा, असा सल्ला न ऐकणाऱ्यातला मी एक. मग हर्णै, मुरुड, कर्दे. (हे दापोलीचं मुरुड, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याचं नव्हे. खोलीचं बुकिंग करताना आमच्यातल्या एकाने दुसऱ्या मुरुडला पैसे भरले होते.)

तिसरा दिवस: कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, बोट, धोपावे, गुहागर.

चौथा: गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड. या दिवसाने आमचा जीव काढला.

कारण किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज. गाव खाली, पुळणीशी. गावातून निघालं की सरळ वर सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर), थोडं सपाट, की परत खाली पुढच्या गावात. प्रत्येक गावाला एकदा उतरा, एकदा चढा. चढ शंभर-दीडशे मीटरचेच, पण दिवसाला सहा-सात. घाट एकदा चढला की संपतो. हे संपतच नाहीत.

कुणाला काही विचारायचं असेल तर इथेच विचारा, व्यनि नको.

पायडल_पांडू, २३ नोव्हेंबर

जबरी! वाचनखूण साठवली. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे, पुढे तीन चकत्या, मागे आठ. रोजचं ऑफिस वीस किलोमीटर. जमेल का? की रोडबाईकच हवी?

चढउतार, २४ नोव्हेंबर

उलट तुमचीच बरी. पुढची लहान चकती तिथे सोनं आहे. माझी रोडबाईक, पुढे ५०/३४, मागे सगळ्यात मोठी ३२ दात्यांची, तरी वेळणेश्वरातून वर येताना दोनदा उतरून ढकलली. टायर मात्र बारीक नको. २५ मिलिमीटरचे घेऊन गेलेला आमचा मित्र चार दिवसांत तीनदा पंक्चर झाला. ३२च्या खाली जाऊ नका.

भर्र, २४ नोव्हेंबर

आणि ब्रेक! चिऱ्याची (जांभ्या दगडाची) लाल धूळ रिमवर बसली की रबर असं कुरकुरतं की गावातली कुत्री जागी होतात. रोज रात्री ओल्या फडक्याने रिम पुसायची. उतारावर शेवटच्या वळणाला हमखास वाळू असते. हे मी गुडघ्यावरची खूण बघून सांगतोय.

आगरातला, २४ नोव्हेंबर

मी गुहागर तालुक्यातला, त्यामुळे चौथ्या दिवसाबद्दल थोडं.

एक, गावात उतरणाऱ्या त्या तीव्र रस्त्यांना आम्ही "घाटी" म्हणतो. कुणाला रस्ता विचारलात आणि "पुढे घाटी लागेल" असं उत्तर आलं तर ते तुम्हाला उद्देशून नाही, राग मानू नका. पाखाडी सांगितली तर मात्र तिकडे वळू नका, त्या जांभ्याच्या पायऱ्या असतात. पायी जाणाऱ्यांसाठी. एका पाहुण्याला मोबाईलच्या नकाशाने आमच्या पाखाडीवर आणून सोडलं होतं, सायकल खांद्यावर घेऊन उतरला बिचारा.

दोन, चिऱ्याच्या खाणी सड्यावर असतात आणि ट्रक सकाळी भरून निघतात. भरलेला ट्रक उताराला थांबू शकत नाही हे लक्षात ठेवून बाजूला व्हा. ड्रायव्हर लोक वाईट नसतात, पण त्यांच्याही हातात काही नसतं. रविवारी खाणी बहुधा बंद, तेव्हा सड्यावर अगदी सामसूम.

तीन, हेदवीला बामणघळ बघायची असेल तर भरतीची वेळ विचारून जा. ओहोटीला नुसती दगडातली भेग दिसते आणि लोक "हे काय" म्हणून परत जातात. भरतीला लाट आत शिरते आणि पाणी उंच उडतं. कडेच्या खडकावर क्लीटचे बूट घालून अजिबात जायचं नाही.

आणि घाई करू नका. हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वरचं देऊळ, दोन्हीकडे सावली आणि पाणी आहे. अकरा ते चार तिथे पडून राहा.

मुक्ता_प्र, २५ नोव्हेंबर

छान धागा. एक विचारायचंय. मला एकटीने करायचं आहे, डिसेंबरात. घरचे "ग्रुप बघ" म्हणतात. ग्रुपमध्ये मला चालवायला आवडत नाही, सगळे मागच्यासाठी थांबतात आणि मागची मीच असते. राहण्याची, बाथरूमची, कुत्र्यांची काय परिस्थिती?

अनवट, २५ नोव्हेंबर

मुक्ता, मी दोन वर्षांपूर्वी एकटीनेच श्रीवर्धन ते गुहागर केलंय, वय तेव्हा एक्कावन्न. खरं सांगू का, मला भीती वाटली ती फक्त माणगाव ते श्रीवर्धनच्या रस्त्यावर, गाड्यांची. एकदा किनाऱ्याला लागल्यावर माणसं उलट जास्तच चौकशी करतात. "एकट्याच?" हा प्रश्न दिवसाला वीसदा ऐकायची तयारी ठेव. मी पहिल्या दिवशी सगळं खरं सांगत होते. दुसऱ्या दिवसापासून "मागून येतायत" असं सांगायला लागले, वेळ वाचतो.

राहायला घरगुती सोय जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे, आदल्या दिवशी फोन करून ठेवायचा, कारण जेवण माणशी बनतं. न सांगता संध्याकाळी सातला गेलं तर त्या बाईची पंचाईत होते आणि आपलीही. वेळासला कासवांमुळे घराघरात सोय आहे. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेच्या अंड्यांचं संरक्षण चालू आहे, आता गावाला त्याची सवय झालीये. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा शनिवार-रविवार जागा मिळणार नाही. तू डिसेंबरात जातेयस म्हणजे पिल्लं दिसणार नाहीत, पण गाव शांत असेल.

बाथरूम: देवळं, एसटी स्टँड (नाइलाज असेल तरच) आणि बिनधास्त कुठल्याही घरी विचारणं. एकदाही नाही म्हटलं गेलं नाही मला. कुत्री: उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि चालत जायचं. पळणाऱ्या पायाच्या मागे लागतात ती, चालणाऱ्या बाईत त्यांना रस नसतो.

अवांतर: वेळासला नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस मिळाला तर मोजू नकोस.

मुक्ता_प्र, २५ नोव्हेंबर

"मागून येतायत" :) हे लिहून ठेवलं.

सडाफटिंग, २७ नोव्हेंबर

धागा वाचून आनंद झाला आणि वाईटही वाटलं. रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या आराखड्यात या तिन्ही खाड्यांवर पूल आहेत. पूल झाले की संपलं. मुंबईहून गोव्यापर्यंत सलग किनाऱ्याने गाड्या येतील, आडे-पाडल्याचा रस्ता रुंद करायला सुरूचं बन जाईल, आणि आपण इथे जुने फोटो टाकत बसू. ज्यांना जायचं आहे त्यांनी दोन-चार वर्षांत उरकून घ्या. मला विचाराल तर बोटी आहेत तशाच राहाव्यात.

भर्र, २७ नोव्हेंबर

+१

आगरातला, २७ नोव्हेंबर

सडाफटिंग, तुम्ही राहता कुठे?

सडाफटिंग, २७ नोव्हेंबर

कोथरूड. का?

आगरातला, २७ नोव्हेंबर

कोथरूडहून इस्पितळ किती लांब असेल? पाच मिनिटं?

माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला छातीत दुखायला लागलं. बोट बंद झालेली. चिपळूण गाठायला शेजाऱ्याची गाडी, तोही रस्ता वळणांचा, पावसाचे दिवस. वाचले, हे आमचं नशीब. माझी मावशी दाभोळच्या बाजूला आहे. समोर तिच्या गावचे दिवे दिसतात. पण रात्री जायचं तर चिपळूण-खेडचा वळसा. तिच्या सासऱ्यांच्या वेळेला आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तुमची शांतता मला कळते हो. मीसुद्धा सकाळी सहाला सड्यावर सायकल काढतो. पण ती शांतता आम्ही रोज पैसे मोजून विकत घेतोय. तुम्ही चार दिवस येता.

सडाफटिंग, २८ नोव्हेंबर

या बाजूने विचार केला नव्हता. माफ करा. तरीही रस्ता रुंद करताना बनं आणि आगरं जातील ही भीती खरी आहे, ती मागे घेत नाही.

आगरातला, २८ नोव्हेंबर

ती भीती मलाही आहे. माझंच आगर आहे त्या आखणीच्या जवळ. तरी पूल हवाच.

चढउतार, २८ नोव्हेंबर

मी वर लिहिलं की बोटीमुळे रस्ता शांत आहे, ते जसंच्या तसं ठेवतो, कारण ते खरं आहे. पण ते लिहिताना मला बोट म्हणजे मौज वाटत होती हेही खरं. बागमांडल्याला थांबलो होतो तेव्हा आमच्या शेजारी एक बाई मासळीची रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. आम्ही फोटो काढत होतो. त्या दर दोन मिनिटांनी खाडीकडे बघत होत्या, बोट सुटली का ते. शेवटी मला म्हणाल्या, "तुमका घाई नसंल, माजी पोर घरात एकटी हाय." तेव्हा नुसता "हो का" म्हटलं होतं.

तिनईचा_तुषार, १ डिसेंबर

गरमागरमी झाल्यावर थोडं थंड पाणी. कुठे जाऊ नये याचीही यादी करूया. माझी:

जयगडहून निवळी फाट्याकडे येणारा रस्ता: बंदराचे ट्रक, रात्रंदिवस. जयगडला उतरलात की किनाऱ्याच्या बाजूने मालगुंडकडेच वळा.

आरे-वारे: जगातला सुंदर रस्ता असेल, पण सुट्टीच्या संध्याकाळी वरच्या वळणावर गाड्या आडव्या-तिडव्या लावून लोक सेल्फी काढत असतात. सकाळी सातच्या आत उरका.

शिमगा आणि गणपती: रस्त्यांचा प्रश्न नाही, गर्दीचा. सगळे चाकरमानी गावात असतात. शिमग्याला मात्र सायकल घरी ठेवून या, पालखी बघायला.

मार्चनंतर: उकाडा. घाम सुकत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. मी एकदा एप्रिलमध्ये पूर्णगडच्या चढावर चक्कर येऊन बसलो होतो. आंब्याच्या पेट्या घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्याने पावसपर्यंत सोडलं. भाडं घेतलं नाही, वर दोन पायऱ्या दिल्या. (पायरी आंबा. जिन्याची नव्हे.)

पायडल_पांडू, १ डिसेंबर

सायकल न्यायची कशी? मी खासगी बसच्या डिकीत टाकून नेणार होतो.

भर्र, १ डिसेंबर

डिकीत टाकायचीच तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांध. मी तसाच ठेवला. वर कुणीतरी फरशीच्या पेट्या ठेवल्या, हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा) वाकला आणि पहिले दोन दिवस मला मागे फक्त तीन गिअर मिळत होते. तेही नेमके जड. सुटा हँगर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण आपल्या फ्रेमचाच लागतो आणि दापोलीत तो मिळणार नाही. जवळ ठेव. कोकण रेल्वेने चिपळूण किंवा रत्नागिरीहून परत यायचं असेल तर सायकल सामानाच्या डब्यात टाकता येते, गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन पावती करावी लागते.

घुमटी, ४ डिसेंबर

तुम्ही सगळे जयगडलाच का थांबता? माझं माहेर मालवणचं, म्हणून जरा पुढचं सांगते. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलाने कुणकेश्वर, तिथून मिठबाव, मुणगे, आचरा, मग कोळंबच्या पुलावरून मालवण. इथे बोटी नाहीत, पूल आहेत, आणि तरी आडवारी (सुट्टी नसलेल्या दिवशी) रस्ता शांतच असतो. तेव्हा पूल झाला म्हणजे सगळं संपलंच असं नाही, सडाफटिंग.

मालवणच्या पुढे नेरूरपारला कर्ली नदी ओलांडा आणि परुळे, म्हापण करत वेंगुर्ल्याला जा. मग शिरोडा (१९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच), रेडी, आणि शेवटी तेरेखोलची खाडी. पलीकडे गोव्याचं केरी. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असून गोव्याचा, यावर आमच्याकडे अजून वाद घालतात.

माझ्या काकाला तुमचा धागा वाचून दाखवला. म्हणाला, "येवा, पण दुपारचा सायकल चलव नको म्हणून सांग. आमी पण चलवणव नाय, आमी निजतंव."

सडाफटिंग, ४ डिसेंबर

काका ग्रेट. कुणकेश्वरचा मुद्दा मान्य.

मुक्ता_प्र, २९ डिसेंबर

करून आले! वेळास ते गुहागर, तीन दिवस, एकटी. सविस्तर नंतर लिहीन. तूर्तास एवढंच: (१) जेटीवर चहा पिऊन निघायची युक्ती शंभर टक्के चालते. (२) कोळथऱ्याच्या अलीकडे चेन तुटली. एका मुलाने, आठवीत असेल, स्वतःच्या सायकलचं जुनं हत्यार आणून कडी जोडून दिली आणि पैसे दिले तर पळून गेला. (३) तिसऱ्या दिवशी "मागून येतायत" म्हटल्यावर चहावाल्या काकांनी खरंच तीन कप ठेवले. मग तिन्ही मी प्यायले.

अनवट, २९ डिसेंबर

=)) तिसरा कप माझा समज.

चढउतार, १८ जानेवारी, संध्याकाळ

पुन्हा निघालोय, या वेळी एकटा, गुहागर ते रत्नागिरी. हेदवीला भरती बघत बसलो (आगरातला, पाणी खरंच उडतं) आणि आता तवसाळच्या जेटीवर उभा आहे. शेवटची बोट गेली. अजून मध्यावरही पोचली नाहीये, माणसंसुद्धा दिसतायत तिच्यावरची. समोर जयगडचे दिवे लागले. इथे मी, एक कुत्रा आणि बंद टपरी.

आगरातला, १८ जानेवारी

पूल हवा होता का?

चढउतार, १८ जानेवारी

बोलू नका.

आगरातला, १८ जानेवारी

व्यनि बघा, नंबर दिलाय. आमच्या नात्यातलं घर आहे वर गावात, सांगून ठेवतो. आमटी-भात होईल, मासे संपले असतील. घाटी चढून यावं लागेल तेवढी.

चढउतार, १८ जानेवारी, रात्री

पोचलो. मासे संपले नव्हते. मागचं चाक बसलंय, ते सकाळी बघतो. पहिली बोट किती वाजता सुटते?